व्हीएमची डिस्क वाढवली, तरी आत जागा दिसत नाही? क्रम असा ठेवा

"डिस्क २५ जीबीची ६० जीबी केली. मशीन चालू केलं, तर आत जागा तेवढीच. आता काय करू?" व्हीएमबद्दलचा, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनबद्दलचा, हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. विचारणाऱ्याने तोवर बहुतेक वेळा आणखी दोन-तीन गोष्टी करून पाहिलेल्या असतात आणि त्यातली एखादी परत फिरवता न येणारी असते. म्हणून हा लेख. यात व्हर्च्युअलबॉक्स (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) आणि त्यात चालणारं उबुंटू धरून पूर्ण क्रम दिला आहे. विंडोजसाठी वेगळा टप्पा आहे. व्हीएमवेअर, प्रॉक्समॉक्स किंवा क्लाउडवर मशीन असेल, तर फक्त बाहेरची डिस्क वाढवण्याची पायरी बदलते. आतलं काम तेच राहतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. समजा, शेजारचा जमिनीचा तुकडा विकत घेतला आणि सातबाऱ्यावर क्षेत्र वाढलं. म्हणून शेतातला बांध आपोआप सरकत नाही. बांध सरकवला तरी नवी जमीन नांगरल्याशिवाय पीक येत नाही. व्हीएमचंही तसंच आहे. व्हर्च्युअल डिस्कचा आकार हा सातबारा, पार्टिशन (डिस्कचा आखलेला भाग) हा बांध आणि फाइल सिस्टीम (त्या भागात फाइली मांडायची व्यवस्था) ही नांगरलेली जमीन. उबुंटू सर्व्हरमध्ये पार्टिशन आणि फाइल सिस्टीम यांच्या मधे एलव्हीएम नावाचा आणखी एक थर असतो. प्रत्येक थर वेगळा वाढवावा लागतो, आणि तो बाहेरून आत याच क्रमाने.

कमांड मी देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. एखादं अक्षर मोठ्या लिपीतलं हवं असेल तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी छोटी.

## टप्पा १: डिस्क खरंच वाढवायला हवी का, ते पाहा

हा टप्पा गाळू नका. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, या तीन कमांड एकामागून एक द्या:

डीएफ -एच

एलएसबीएलके

सुडो व्हीजीएस

पहिली फाइल सिस्टीम किती भरली ते दाखवते, दुसरी डिस्क आणि पार्टिशनचं झाड आणि तिसरी एलव्हीएममध्ये वाटप न झालेली जागा. तिसरी कमांड सापडत नाही असं आलं किंवा काहीच छापलं नाही, तर तुमच्याकडे एलव्हीएम नाही. तसं असेल तर टप्पा ६ तुम्हाला लागणार नाही.

आता नीट बघा. अलीकडे एका धाकट्या सहकाऱ्याचं मशीन पाहत होतो. २५ जीबीची डिस्क, उबुंटू सर्व्हर, एलएसबीएलकेमध्ये ओळी अशा: एसडीए २५ जी, त्याखाली एसडीए१ फक्त १ एम, एसडीए२ २ जी, एसडीए३ २३ जी आणि एसडीए३च्या पोटात उबुंटू-एलव्ही ११.५ जी. मुळाची (रूट, म्हणजे '/') फाइल सिस्टीम शंभर टक्के भरलेली. तो डिस्क ६० जीबी करायला निघाला होता. व्हीजीएसच्या ओळीत शेवटच्या रकान्यात, 'व्हीफ्री'खाली, साडेअकरा जीबी रिकामे पडले होते.

ही त्याची चूक नव्हती. उबुंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर एलव्हीएम निवडलेलं असताना मुद्दामच सगळी जागा देत नाही. साधारण २० ते २०० जीबीच्या मधल्या डिस्कवर तो निम्मी जागाच मुळाच्या व्हॉल्यूमला देतो आणि बाकीची राखून ठेवतो. इन्स्टॉल करताना तो हे पडद्यावर दाखवतो, पण आपण पटापट 'डन' दाबत पुढे जातो.

तुमच्याकडे व्हीफ्रीखाली पुरेशी जागा दिसत असेल, तर डिस्क वाढवूच नका. बॅकअप घ्या आणि थेट टप्पा ६ मधली एलव्हीएक्सटेंडची कमांड द्या.

तपासणी: डीएफच्या यादीत 'लूप' नावाच्या ओळी कायम शंभर टक्के भरलेल्या दिसतात. त्या स्नॅप पॅकेजच्या आहेत आणि तशाच असतात. त्यांच्याकडे पाहून घाबरू नका. तुमची ओळ ती, जिच्या शेवटी नुसती तिरकी रेघ आहे.

तपासणी: डीएफ जागा शिल्लक दाखवतं, तरी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतं? मग 'डीएफ -आय' द्या. आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) संपले असतील, म्हणजे कुठेतरी लाखो बारीक फाइली साचल्या असतील, तर आधी त्या शोधा.

## टप्पा २: तयारी

या कामात सगळ्यात जास्त वेळ तयारीला जायला हवा. कमांड पाच मिनिटांच्या आहेत.

१. गेस्टमध्ये थोडी जागा मोकळी करा. फाइल सिस्टीम काठोकाठ भरली असेल, तर पुढची कामंच अडतात. पार्टिशन वाढवणाऱ्या ग्रोपार्ट या कमांडला तात्पुरती फाइल ठेवायला जागा लागते, एलव्हीएमला आपल्या नोंदींची प्रत लिहायला लागते. 'सुडो एपीटी क्लीन' दिलं की डाउनलोड झालेली पॅकेजं निघून जातात. 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम' (यातला शेवटचा 'एम' मोठा) दिलं की जुने लॉग जातात. शंभर-दोनशे एमबी मोकळे झाले तरी पुरे.

२. ग्रोपार्ट आहे का ते पाहा. 'व्हिच ग्रोपार्ट' द्या. उत्तर आलं नाही, तर 'क्लाउड-गेस्ट-युटिल्स' हे पॅकेज टाकून घ्या. ते आत्ताच करा.

३. एलएसबीएलकेचा फोटो काढून ठेवा. मोबाइलवर काढला तरी चालेल. आधी काय होतं हे नंतर आठवत नाही, आणि वाद पार्टिशनच्या क्रमांकावरूनच होतात.

४. मशीन पूर्ण बंद करा. व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी बंद करताना तीन पर्याय येतात. 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडू नका. त्यात मशीन झोपलेलं असतं, बंद झालेलं नसतं. गेस्टच्या आतून शटडाउन करा. यादीत मशीनच्या नावाखाली 'पॉवर्ड ऑफ' दिसलं पाहिजे.

५. होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्या संगणकावर चालतं त्यावर, जागा मोजा. वाढत्या प्रकारची डिस्क, म्हणजे 'डायनॅमिकली अलोकेटेड', ६० जीबीची केली म्हणून होस्टवर लगेच ६० जीबी जात नाहीत. गेस्ट जसजसं भरेल तसतशी फाइल फुगते. लॅपटॉपवर १५ जीबी शिल्लक असताना ६० जीबीचं आश्वासन दिलं, तर आज काही बिघडत नाही, पण एक दिवस होस्टची डिस्क भरते आणि चालू व्हीएम तिथल्या तिथे थांबतं.

६. बॅकअप घ्या. मशीन बंद असताना त्याचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. स्नॅपशॉट, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सने टिपून ठेवलेली मशीनची त्या क्षणाची स्थिती, हा बॅकअप नव्हे. तो त्याच फोल्डरमध्ये, त्याच डिस्कच्या आधारावर उभा असतो. मूळ फाइल गेली की तोही गेला.

सावधान: बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट३२ असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असलेली डिस्क घ्या. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचे आकार बाइटपर्यंत जुळतात का ते बघा.

सावधान: कॉपी केलेली डिस्क-फाइल मूळ फाइलसोबत त्याच व्हर्च्युअलबॉक्समध्ये जोडायला जाऊ नका. दोघींचा ओळख क्रमांक एकच असल्यामुळे ती नाकारली जाते. प्रत बाजूला ठेवायची असते. गरज पडली तरच ती मूळ जागी परत आणायची.

## टप्पा ३: स्नॅपशॉट आणि डिस्कचा प्रकार तपासा

'डिस्क वाढवली पण काहीच झालं नाही' या तक्रारींत स्नॅपशॉटचा वाटा मोठा आहे.

स्नॅपशॉट घेतला की व्हर्च्युअलबॉक्स मूळ डिस्क-फाइलला हात लावणं थांबवतं आणि पुढचे सगळे बदल एका नव्या, फरकाच्या फाइलमध्ये लिहू लागतं. मशीन तेव्हापासून या नव्या फाइलवर चालतं. तुम्ही मूळ फाइल वाढवली, तर ती वाढते, पण मशीन जिच्यावर चालतं ती फाइल जुन्याच आकाराची राहते. मी स्वतः यात एक संध्याकाळ घालवली आहे. आकार ६० जीबी दिसतोय, आत २५ दिसतात, आणि मी पार्टिशनमध्ये चूक शोधतोय.

'टूल्स'मधून 'मीडिया' उघडा. 'हार्ड डिस्क्स'च्या यादीत तुमच्या डिस्कच्या डावीकडे छोटा बाण दिसत असेल आणि तो उघडल्यावर महिरपी कंसातल्या लांबलचक आकड्या-अक्षरांच्या नावाची फाइल दिसत असेल, तर स्नॅपशॉट आहेत.

ते काढायचे तर मशीनच्या 'स्नॅपशॉट्स' यादीत जाऊन एकेक स्नॅपशॉट निवडा आणि 'डिलीट' दाबा. शब्द भीतीदायक आहे, पण डिलीट म्हणजे तुमचं आजचं काम पुसणं नव्हे. फरकाच्या फाइलमधले बदल मूळ फाइलमध्ये मिसळले जातात आणि मधला थांबा नाहीसा होतो. या मिसळण्याला वेळ लागतो आणि होस्टवर जागाही लागते. मध्येच खिडकी बंद करू नका, लॅपटॉप चार्जरवर ठेवा.

सावधान: 'रिस्टोअर' दाबू नका. त्याने मशीन स्नॅपशॉटच्या दिवसावर मागे जातं आणि त्यानंतर केलेलं सगळं काम जातं. डिलीटला घाबरून रिस्टोअर दाबणारे मी पाहिले आहेत. खरं तर भीती उलटी वाटायला हवी.

या मशीनवरून 'लिंक्ड क्लोन' काढलेले असतील, तर मूळ डिस्कला हात न लावता तिची पूर्ण प्रत काढा आणि ती प्रत वाढवा. लिंक्ड क्लोन मूळ फाइलवरच टेकून उभे असतात.

आता प्रकार पाहा. त्याच यादीत डिस्क निवडली की खाली माहिती येते. व्हीडीआय (व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा डिस्क-फाइलचा प्रकार) आणि 'डायनॅमिकली अलोकेटेड' असेल तर पुढे जा. व्हीएमडीके (व्हीएमवेअरचा प्रकार) असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स ती वाढवायला नकार देऊ शकतं. तेव्हा वरच्या पट्टीतलं 'कॉपी' बटण वापरून तिची वाढत्या प्रकारची व्हीडीआय प्रत काढा. मशीनच्या 'सेटिंग्ज'मधल्या 'स्टोरेज'मध्ये जुनी डिस्क काढून त्याच कंट्रोलरला नवी जोडा आणि एकदा मशीन चालू करून बघा. आधी नव्या डिस्कवरून ते नीट सुरू होऊ द्या, मग बंद करून आकार वाढवा. ठरावीक आकाराच्या, म्हणजे 'फिक्स्ड साइझ' डिस्कसाठीही मी हाच मार्ग घेतो.

## टप्पा ४: बाहेरची डिस्क वाढवा

'मीडिया'च्या यादीत डिस्क निवडा, खाली 'ॲट्रिब्यूट्स'मध्ये आकाराची पट्टी दिसेल. पट्टी ओढण्यापेक्षा शेजारच्या चौकटीत आकडा लिहा आणि 'अप्लाय' दाबा. झालं.

कमांडने करायचं असेल तर:

व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम डिस्क "डिस्क-फाइलचा पूर्ण पत्ता" --रिसाइझ ६१४४०

इथला आकडा एमबीत असतो आणि १ जीबी म्हणजे १०२४ एमबी. ६० जीबीसाठी ६० × १०२४ = ६१४४०. नुसतं ६० लिहिलंत, तर त्याला ते ६० एमबी वाटतात आणि तो नकार देतो, म्हणजे फार बिघडत नाही. पण एक शून्य जास्त पडलं, तर डिस्क ६०० जीबीची होते आणि व्हर्च्युअलबॉक्स ती परत लहान करत नाही. एंटर दाबण्याआधी आकडा मोठ्याने वाचा.

आकडा लिहिताना 'आज लागतात तेवढे' लिहू नका. पुन्हा महिन्याभरात हेच करायचं नसेल, तर होस्टला झेपेल इतकी ऐसपैस डिस्क द्या. फाइल तशीही वापराप्रमाणेच फुगणार आहे.

व्हीएमवेअरमध्ये हीच पायरी मशीनच्या सेटिंग्जमध्ये हार्ड डिस्क निवडून 'एक्स्पांड'ने होते. तिथेही स्नॅपशॉट असतील तर बटण अडतं. प्रॉक्समॉक्समध्ये मशीनच्या 'हार्डवेअर'मध्ये डिस्क निवडून 'रिसाइझ' करायचं. तिथे नवा आकार लिहायचा नसतो, किती वाढवायची तो फरक लिहायचा असतो. ३५ हवेत तिथे ६० लिहिलं की डिस्क ८५ जीबीची होते आणि तीही मागे येत नाही.

तपासणी: मशीन चालू करा आणि एलएसबीएलके द्या. एसडीएसमोर ६० जी आणि एसडीए३समोर अजून २३ जी दिसायला हवेत. म्हणजे सातबारा झाला, बांध तिथेच आहे. एसडीएसमोरही २५च दिसत असतील, तर पुढे जाऊ नका. टप्पा ३ वर परत या, स्नॅपशॉट राहिला आहे.

## टप्पा ५: पार्टिशन वाढवा

आधी नुसतं विचारून बघा, काही न बदलता:

सुडो ग्रोपार्ट --ड्राय-रन /डेव्ह/एसडीए ३

उत्तर पटलं की खरी कमांड:

सुडो ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए ३

एसडीए आणि ३ यांच्या मधे रिकामी जागा आहे, ती हवीच. आपण इतर सगळीकडे एसडीए३ असं जोडून लिहितो, त्यामुळे इथे हात चुकतो. ग्रोपार्टला आधी डिस्क आणि मग पार्टिशनचा क्रमांक असे दोन वेगळे शब्द लागतात.

तुमचं पार्टिशन कुठलं, ते टप्पा २ मधल्या फोटोवरून ठरवा, माझ्या ३ वरून नको. डिस्कचं नावही वेगळं असू शकतं. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीडीए दिसू शकेल, एनव्हीएमई कंट्रोलर असेल तर नाव लांब असेल आणि पार्टिशनच्या आकड्याआधी 'पी' येईल.

'चेंज्ड' असं आलं तर काम झालं. 'नोचेंज' आलं तर दोनच कारणं असतात: डिस्क वाढलेलीच नाही किंवा या पार्टिशनला लागून पुढे दुसरं पार्टिशन आहे. बांध सरकवायचा तर पुढची जमीन लगतचीच लागते. मधे दुसऱ्याचं शेत असेल तर पलीकडची रिकामी जमीन कामाची नाही.

ग्रोपार्टऐवजी पार्टेड वापरत असाल, तर ते सुरुवातीलाच तक्रार करेल की डिस्कवरची सगळी जागा वापरात नाही. जीपीटी पद्धतीत पार्टिशन-तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. डिस्क वाढल्यामुळे तो 'शेवट' आता मधेच राहिलेला असतो. तिथे 'फिक्स' म्हणा. ग्रोपार्ट ही दुरुस्ती स्वतः करतं.

मधे स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा, आडवं आलं असेल तर. उबुंटू १७.०४ च्या आधी टाकलेल्या मशीनवर हे हमखास दिसतं: एसडीए१ मुळाचं, त्यानंतर एसडीए२ 'एक्स्टेंडेड' आणि त्याच्या पोटात एसडीए५ स्वॅप. क्रम असा ठेवा:

१. 'सुडो स्वॅपऑफ -ए' देऊन स्वॅप बंद करा.

२. ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये स्वॅपची ओळ शोधा आणि तिच्या सुरुवातीला # लावा.

३. सीएफडिस्क उघडून एसडीए५ आणि मग एसडीए२ काढा, 'राइट' करा. एसडीए१ ला हात लागत नाही ना, ते दोनदा बघा.

४. 'सुडो ग्रोपार्ट /डेव्ह/एसडीए १' द्या आणि टप्पा ७ पूर्ण करा.

५. त्यानंतर स्वॅपसाठी मुळाच्या फाइल सिस्टीमवरच एक फाइल करा. एफअलोकेटने २ जीबीची फाइल, सीएचमॉडने तिला ६०० परवानगी, मग एमकेस्वॅप, मग स्वॅपऑन, आणि एफएसटॅबमध्ये तिची नवी ओळ.

इतकं करूनही मशीन सुरू होताना अर्धा मिनिट अडकून बसत असेल, तर ते गेलेल्या स्वॅपची वाट पाहत आहे. इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये 'रिझ्यूम' नावाची फाइल असते, तिच्यात जुन्या स्वॅपचा क्रमांक राहिलेला असतो. त्या ओळीत बरोबरच्या चिन्हापुढे 'नन' लिहा आणि 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' द्या.

## टप्पा ६: एलव्हीएमचा थर (असेल तरच)

सुडो पीव्हीरिसाइझ /डेव्ह/एसडीए३

इथे मात्र एसडीए३ जोडूनच. पीव्हीरिसाइझच्या मेसेजवर विसंबू नका. काहीच वाढलं नसलं तरी ते 'एक व्हॉल्यूम रिसाइझ्ड ऑर अपडेटेड' असं छापतं. खरी खात्री व्हीजीएसने करा. व्हीफ्रीखाली नवी जागा दिसली पाहिजे. आपल्या उदाहरणात जुने साडेअकरा आणि नवे ३५ मिळून साडेशेहेचाळीसच्या आसपास.

मग:

सुडो एलव्हीएक्सटेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/उबुंटू-व्हीजी/उबुंटू-एलव्ही

यातला 'एल' छोटा आहे आणि 'फ्री' मोठ्या अक्षरांत. मोठा 'एल' वापरला तर पुढे टक्का चालत नाही, थेट आकार लिहावा लागतो, उदाहरणार्थ +२०जी. तिथे अधिकचं चिन्ह विसरलात, तर अर्थ 'आणखी २० जीबी' असा न राहता 'एकूण २० जीबी' असा होतो. '-आर'मुळे फाइल सिस्टीमही त्याच दमात वाढते आणि टप्पा ७ आपोआप होतो.

सगळी जागा देऊन टाकावी का? सरावाच्या मशीनवर खुशाल द्या. कामाच्या सर्व्हरवर मी देत नाही. लागेल तेवढी देतो आणि उरलेली व्हीजीमध्ये (एलव्हीएमच्या साठ्यात) राहू देतो. वाढवणं चालू मशीनवर दोन सेकंदांत होतं. लहान करायचं तर ईएक्सटी४ (फाइल सिस्टीमचा एक प्रकार) आधी अनमाउंट करावी, म्हणजे मशीनपासून सोडवावी लागते, आणि एक्सएफएस (दुसरा प्रकार) असेल तर प्रत्यक्षात नवी फाइल सिस्टीम बनवून सगळं परत आणावं लागतं.

## टप्पा ७: फाइल सिस्टीम वाढवा

एलव्हीएम नसेल किंवा वर '-आर' लावायचं राहिलं असेल, तर हा टप्पा हाताने करायचा. आधी 'डीएफ -टी' द्या, यातला 'टी' मोठा. फाइल सिस्टीमचा प्रकार कळेल.

ईएक्सटी४ असेल तर:

सुडो रिसाइझ२एफएस /डेव्ह/एसडीए३

एलव्हीएम असेल तर एसडीए३च्या जागी वरचा उबुंटू-एलव्हीचा पत्ता. एसडीए३च दिलात तर 'बॅड मॅजिक नंबर' अशी तक्रार येते. ती वाचून लोकांना डिस्क खराब झाली असं वाटतं. तसं काही नसतं. एसडीए३वर थेट फाइल सिस्टीम नाही, एलव्हीएम आहे, एवढाच त्याचा अर्थ. एक्सएफएस असेल तरीही रिसाइझ२एफएस हीच तक्रार करतं. तिथे 'सुडो एक्सएफएस_ग्रोएफएस /' लागतं, म्हणजे डिव्हाइसचं नाव न देता ती फाइल सिस्टीम जिथे माउंट आहे ती जागा द्यायची.

दोन्ही कामं मशीन चालू असताना, मुळाची फाइल सिस्टीम माउंट असतानाच होतात. अनमाउंट करायला जाऊ नका.

तपासणी: 'डीएफ -एच' द्या. डिस्क ६० जीबीची असली तरी मुळासमोर ५७ जीबीच्या आसपास दिसतील. २ जीबी बूटचे, थोडी जागा फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या हिशोबाची. 'शिल्लक' रकान्यात आणखी तीनेक जीबी कमी दिसतात, कारण ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूट या वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. जागा कुठेही गळालेली नाही. मग मशीन एकदा रीस्टार्ट करून तुमच्या सेवा उठतात का ते पाहा.

## टप्पा ८: गेस्ट विंडोज असेल तर

बाहेरचे टप्पे तेच. आत 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, 'ॲक्शन'मधून 'रीस्कॅन डिस्क्स' करा. नवी जागा काळ्या पट्टीने शेवटी दिसेल. सी ड्राइव्हला लागूनच ती असेल, तर सीवर उजवं क्लिक, 'एक्सटेंड व्हॉल्यूम', संपलं.

बहुतेक वेळा ती लागून नसते. मधे रिकव्हरीचं पार्टिशन बसलेलं असतं आणि 'एक्सटेंड व्हॉल्यूम' राखाडी असतं. तेच मधलं दुसऱ्याचं शेत. डिस्क मॅनेजमेंट ते काढूही देत नाही.

१. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की बाहेर लिहून ठेवा आणि 'सस्पेंड' करा. विंडोज ११मध्ये तुम्ही काही न करताही एन्क्रिप्शन चालू असू शकतं, म्हणून बघूनच घ्या.

२. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'रीएजंटसी /डिसेबल' द्या. याने रिकव्हरीची मूळ फाइल, विनआरई.विम, सी ड्राइव्हवरच्या विंडोज, सिस्टीम३२, रिकव्हरी या फोल्डरमध्ये परत येते. लपवलेल्या आणि सिस्टीम फाइली दिसतील असं करून ती तिथे खरंच आली आहे का ते बघा. नसेल, तर इथेच थांबा.

३. 'डिस्कपार्ट' सुरू करा. 'लिस्ट डिस्क', 'सिलेक्ट डिस्क ०', 'लिस्ट पार्टिशन'. सीच्या पुढचं, काहीशे एमबीचं, प्रकारात 'रिकव्हरी' लिहिलेलं पार्टिशन ओळखा आणि 'सिलेक्ट पार्टिशन' लिहून त्याचा क्रमांक द्या.

४. 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड'. ओव्हरराइड म्हणजे विंडोज पुन्हा विचारणार नाही. क्रमांक चुकला तर चुकीचं पार्टिशन तितक्याच शांतपणे जाईल. पुन्हा एकदा 'लिस्ट पार्टिशन' देऊन निवडलेल्या ओळीपुढची चांदणी कुठे आहे ते बघा आणि मगच एंटर दाबा.

५. आता डिस्क मॅनेजमेंटमधून सी वाढवा, पण शेवटी १ जीबी मोकळा सोडा. रिकव्हरीचं पार्टिशन पुन्हा बनवायचं असेल तर ती जागा लागेल.

६. 'रीएजंटसी /एनेबल' द्या आणि 'रीएजंटसी /इन्फो'ने 'एनेबल्ड' दिसतं का ते पाहा. एन्क्रिप्शन नसलेल्या व्हीएमवर वेगळं पार्टिशन न बनवताही ते सी ड्राइव्हवरूनच सुरू होतं. सरावाच्या मशीनला तेवढं पुरतं.

७. बिटलॉकर सस्पेंड केलं असेल तर 'रिझ्यूम' करा.

## अडलं तर

ग्रोपार्टने 'टीएमपी'मध्ये फोल्डर बनवता येत नाही असं म्हटलं, तर टप्पा २ मधलं पहिलं काम राहिलं आहे. जागा मोकळी करा आणि तीच कमांड पुन्हा द्या. काहीही अर्धवट झालेलं नसतं.

पार्टिशन वाढलं, पण एलएसबीएलके जुनाच आकार दाखवतंय, तर 'सुडो पार्टप्रोब' द्या. तरीही तेच दिसलं तर रीस्टार्ट करा. दिसत नाही म्हणून पार्टिशन पुन्हा पुन्हा काढून बनवत बसू नका. डेटा जातो तो बहुतेक इथेच.

मशीन सुरूच झालं नाही, तर आत काही दुरुस्त करायला जाण्याआधी बॅकअपमधलं फोल्डर तसंच ठेवून त्याची आणखी एक प्रत काढा आणि त्या दुसऱ्या प्रतीवर काम करा. हाती असलेली एकमेव चांगली प्रत प्रयोगासाठी कधीही वापरू नका.

सगळं नीट चाललं तरी बॅकअप लगेच पुसू नका. मी तो आठवडाभर ठेवतो. त्या आठवड्यात मशीन दोन-तीनदा बंद-चालू होतं, रात्रीची ठरलेली कामं चालून जातात, अपडेट येऊन जातं. नवा स्नॅपशॉट हवा असेल तर तोही त्यानंतरच घेतो, आणि त्याच्या नावात डिस्कचा नवा आकार आणि तारीख लिहून ठेवतो.